डब्यातला गुळाचा खडा

गुलमंडीच्या बाजारात कुणी गुळाची ढेप फोडली की त्या वासानं मला दवाखान्यातली ती दुपार आठवते. आमचे हे तेव्हा शेंद्र्याच्या एका कारखान्यात लोखंडी भाग घासायचे. घरी यायचे तेव्हा पापण्यांवरसुद्धा काळी धूळ असायची. गुळानं धूळ पोटात उतरते, असं तिथले सगळेच म्हणायचे, म्हणून डब्यात रोज खडा मीच बांधून द्यायचे. पुढं जिना चढताना ह्यांची छाती आवळायला लागली, तर मी शहाणीनं खडा मोठा केला. "धूळच हाय, दुसरं काय!" हेही म्हणायचे. एक दिवस हे पायरीवरच मटकन बसले, तेव्हा मी बळंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावून कागद काढला. मी धुळीचं सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "ताई, ही धूळ नुसती फुफ्फुसात राहत नाही, हृदयालाही त्रास देते. ह्यांच्या हृदयाला रक्त कमी पडतंय. पण झटका आलेला नाही, वेळेत आणलंत." मी रडायलाच लागले. हे मात्र हळूच विचारतात, "मग गूळ बंद का?" मी रडता रडता हसले. आता हे धुळीपासून लांब, कारखान्याच्याच स्टोअरमध्ये काम करतात. परवा पोळीबरोबर गूळ वाढला, तर म्हणाले, "लई गोड हाय गं." इतकी वर्षं धुळीवरचं औषध म्हणून गिळायचे, गोड म्हणाले ते पहिल्यांदाच.