सलीमभाईंची प्रतिक्रिया

आज सकाळी माझा जुना व्यापारविषयक ब्लॉग उघडला. सलीमभाईंच्या फवारणीपंप दुरुस्तीच्या दुकानावरील लेखाखाली पंधरा वर्षांनंतरही ‘० प्रतिक्रिया’ आहे. तेव्हा पुण्यातले ब्लॉगलेखक निवडक मराठी ब्लॉगांची यादी काढायचे; तिच्यात यायला वाचकाची एक तरी प्रतिक्रिया लागत होती. म्हणून मी सलीमभाईंना आमच्या रिसोडच्या नेट कॅफेत नेलं. त्यांच्या हाताला रॉकेलचा वास होता. कीबोर्डला त्यांनी बोट लावलं नाही.

“दोनच शब्द लिहा, सलीमभाई.”

“कायले? तोंडावर सांगतलं ना तुले, झकास लिहून राह्यला!”

“ते पुण्याला ऐकू जात नाही.”

“मंग त्यायले रिसोडले बोलाव. चहा पाजतो.”

कॅफे हसला. सलीमभाईंनी लेखाची प्रिंट मागून घेतली आणि दुकानाच्या काचेवर चिकटवली.

यादीत माझा ब्लॉग आला नाही. प्रिंट पिवळी पडेपर्यंत काचेवर होती.