केनवडच्या कोठ्यातला फुकट बालवर्ग

लहान लेकरांच्या वर्गावर काही वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपले आपण येऊन मांडीवर बसतात. आता कुणी मला विचारतं, "बाई, नातवाला बालवाडीत घालायचंय, आधी काय काय माहीत असायला हवं?" सरळ उत्तर काही माझ्या तोंडून निघत नाही. डोळे जड होतात आणि केनवडचा तो कोठा दिसायला लागतो.

कोठा म्हणजे गावातल्या एका शेटजींचं सरकी ठेवायचं गोदाम. महायुद्धाचे दिवस. मी अकोल्याहून नवीनच शिकून आलेली, वेणी घट्ट आणि राग नाकावर! शेटजींनी कोठा झाडून दिला आणि म्हणाले, "लेकरांकडून फी घ्यायची नाही. दुपारचे भिजवलेले हरभरे आमच्या घरून."

सरकीचा तेलकट वास कधी गेलाच नाही. दुपारी छपराच्या कवेलूंच्या फटींतून ऊन खाली यायचं आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगायची की शिकवणं विसरून मीच बघत बसायची. लेकरं ती धूळ मुठीत पकडून मला आणून द्यायची. मीही पदर पुढे करून घ्यायची!

*

पण लेकरं मिळाली कुठं सहजासहजी? दवंडी झाली, "बालवर्ग निघाला, फी नाही!" आणि गाव गप्प. फुकट म्हटल्यावरच सगळं बिनसलं.

तिसऱ्या दिवशी एक पागोटेवाले बुवा दारात उभे राहिले. आत यायला तयार नाहीत.

"फुकट काहून शिकवता जी?"

"लेकरांना शहाणं करायला, बुवा."

"मले नका सांगू! लढाई चालू हाय. आज नाव लिहून घेता, मंग पलटनीत नेता."

मी कपाळावर हात मारला. "अहो, चार वर्षांचं पोर पलटणीत नेऊन सरकार काय करणार?"

बुवा हसले. मीच लहान असल्यासारखे माझ्याकडे बघून म्हणाले, "सरकार वाट पाह्यते बाई! त्याले कायची घाई हाय?"

*

हरभऱ्यांचं कळलं तशी पलटणीची भीती ओसरली. मग वयाचा घोळ. जन्मतारीख तेव्हा कुणाला ठाऊक असायची? शाळेत एकच परीक्षा होती. पोरानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायचा. कान हाती लागला की पोर पहिलीच्या वयाचं झालं. आमच्याकडे उलटं. हात पुरला नाही तर बालवर्ग, पुरला तर शाळा. दवंडीवाल्यानं नेमकं एवढंच गाळलं!

झालं! घरोघरी तालीम सुरू. ओसरीवर, विहिरीवर, गोठ्यात, जिकडे बघावं तिकडे पोरं वाकडी होऊन कान धरताहेत. नाव घालायच्या दिवशी एका बापानं पोराला माझ्यासमोर उभं केलं. पोरानं झटक्यात कान पकडला, वर पिळूनही दाखवला.

"पास!" बाप ओरडला.

"नापास," मी म्हटलं. "मोठा झाला तो. शाळेत घाला."

बापाचा चेहरा पडला. क्षणभर विचार केला आणि पोराच्या पाठीत धपाटा घातला, "अबे, हात आखूड कर न!"

*

हरभऱ्यासाठी घरून एक भांडं आणा, असा निरोप दिला होता. वाटी आणा म्हणायला हवं होतं का? मला काय ठाऊक! कुणी पितळी आणली, कुणी तांब्या. एका घरून तर दोन थोरले भाऊ भलामोठा गंज, म्हणजे पाणी भरायचं पातेलं, उचलून घेऊन आले आणि आमचं लेकरू त्या गंजात बसून!

"अरे, एवढ्याशा जिवाला एवढा गंज?"

"बाई," थोरला गंभीरपणे म्हणाला, "घरी लय मानसं हाएत."

ते लेकरू मात्र रोज त्या गंजातच झोपायचं. दुपारी वारा आला की गंज आपला आपण हळूच डुलायचा आणि बाकीची पोरं त्याला बोटीच्या गोष्टी सांगायची. यांतल्या एकानंही कधी बोट बघितलेली नव्हती!

*

आता सरजाचं सांगते. गावाबाहेरच्या मळ्यातली माळ्याची सून. वांगी, मेथी, कांदा पिकवायचे आणि बाजारात आणून विकायचे. मुलगी कौशी, चारेक वर्षांची, डोळे मोठाले. तिच्या पाठचा भाऊ अजून रांगता. सरजा भाजीची पाटी डोक्यावर, लेकरू कमरेवर आणि कौशीला बोटाला धरून आली.

"वडलांचं नाव?" मी विचारलं.

सरजा लाजून भिंतीकडे वळली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? तिनं कौशीला पुढे ढकललं, "सांग व तू."

कौशीनं विचार केला. "माय 'अवो' म्हनते, आजी 'मेल्या' म्हनते. तुमाले कोनतं लिहाचं हाय?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरजाही हसली आणि कमरेवरचं लेकरू सावरत म्हणाली, "बाई, वाफ्याले पानी धरते तवा धाकट्याले हीच पाह्यते. तरी हिले शिकवाचंच हाय मले. मी कशीबी निभावीन."

तिची सासू मागून आली होतीच. दारातूनच बोलली, "पोट्टीले खेळाले पाठवते! धाकट्याले म्या धरनार नाही, सांगून ठेवते."

आणि खरंच धरलं नाही. सरजानं लेकराची झोळी निंबाला बांधली. पहाटे भाजी खुडायची, बाजार, मग पाणी, मग कौशीला न्यायला. कोठ्याच्या पायरीवर कधी टेकली म्हणून नाही. मला तिच्या सासूचा असा राग यायचा की काय सांगू!

कौशी मात्र कोठ्यात नुसती फुलली. उन्हाच्या कवडशाखाली उताणी पडायची आणि म्हणायची, "बाई, हे ऊन आपलंच हाय न? घरी नेऊ?"

"ने गं बाई, हवं तेवढं ने."

*

कांदा लावणीचे दिवस आले. एका दुपारी, वर्ग सुटायच्या कितीतरी आधी, सरजा दारात. लेकरू कमरेवर, पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"बाई, कौशीचं नाव काटा."

"का गं?"

"लावनी हाय. सासू म्हनते, आज पोट्टीले वापस आनलं नाही तं घरात पाय ठेवू नको." आवाज कोरडा होता. कौशी हातातले चिंचोके तसेच धरून आमच्याकडे बघत होती.

नाव काढायला हातच उठेना. म्हटलं, "बस जरा. हरभरे घेऊन येते, मग बोलू." आणि चक्क तिथून पळाले.

शेटजींच्या घरून परत आले तर कोठ्यात चिडीचूप! लेकरांच्या वर्गात शांतता म्हणजे काहीतरी फुटलं किंवा कुणीतरी बुडालं. मी धावत दार गाठलं.

सरजा भिंतीला टेकून गाढ झोपली होती. मान कलती, तोंड किंचित उघडं. सगळी लेकरं तिच्याभोवती गोल बसलेली. एक पळसाच्या पानानं तिच्यावरच्या माश्या हाकत होतं. धाकटा चौघांच्या मांड्यांवर आडवा, बोट चोखत. कवडसा सरजाच्या तोंडावर येत होता म्हणून कौशी त्याच्या आड उभी, हलत नव्हती.

"बाई, हळू," ती कुजबुजली. "माही माय निजली. म्या तिले निजलेलं कधी पाह्यलंच नाही."

एवढ्यात बाहेरून आवाज आला, "सरजे! नाव काटाले जलम लागते काय व?"

सासू! उंबऱ्यात आली तशी सगळ्या वर्गानं ओठांवर बोट ठेवून तिच्याकडे पाहिलं.

म्हातारी थबकली. सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिच्या चिखलाच्या पायांकडे. मग चपला बाहेर काढून पावलांचा आवाज न करता आत आली आणि लेकरांच्या मांडीवरून धाकट्याला उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

मी विचारलं, "मग, काढू का नाव?"

"हळू बोला न बाई!" म्हातारी दबक्या आवाजात माझ्यावरच खेकसली. "पोट्टीले उद्यापासून म्या आनून सोडीन. हिले कोनी उठवू नका."