अठ्ठावन्नाव्या वर्षीचं पूर्ण तिकीट

लातुरात एका वकिलांच्या ऑफिसात मी भरपाईचे हिशेब मांडते. कामावर असताना कामगाराला अपंगत्व आलं, की पगार, अपंगत्वाचे टक्के आणि वय पाहून रक्कम ठरते. वय जितकं जास्त तितकी रक्कम कमी. म्हाताऱ्याचा हात स्वस्त, असा हा कायदा. ते कोष्टक उघडलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

शिरूर अनंतपाळकडचे एक काका डाळमिलमध्ये हमाल होते. मशीनच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला. आधारवर वय सहासष्ट. अंगकाठी पाहून मला ते पटेना. खोदून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "ताई, आधार काढायचा कॅम्प आला तवा आमच्या गल्लीत समद्यांनीच वय वाढवून सांगितलं. एस्टीचं पासष्टीनंतरचं अर्धं तिकीट लवकर मिळावं म्हणून. मीबी आठ वर्सं वाढवली."

मी कपाळावर हात मारला. चार पैसे वाचवायच्या नादात घसघशीत भरपाईवर पाणी! सुदैवाने काका दिवाळीपर्यंत पहिलीत बसले होते. शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळाला. गुरुजींनी अख्ख्या वर्गाची जन्मतारीख एक जूनच टाकलेली, पण वर्ष खरं होतं. काका अठ्ठावन्नचे निघाले.

"आधारवर कॅम्पवाल्या पोरानं चुकीचं लिहिलं, असं सांगा," मी सुचवलं. खरं सांगितलं असतं तर मालकाच्या वकिलाने त्यांना खोटारडा ठरवून सगळ्या दाव्यावरच शंका घेतली असती.

"न्हाई," काका म्हणाले. "त्या लेकराच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? खोटं माझं हाय."

कामगार न्यायालयातल्या सुनावणीत मला भीती होती तेच झालं. मालकाच्या वकिलाने आधार नाचवत विचारलं, "म्हणजे तुम्ही सरकारला फसवलंत?"

"हाव साहेब. एक वर्स अर्ध्या तिकिटावर फिरलो," काका न्यायाधीशसाहेबांकडे बघत म्हणाले. "ते खोटं. हात गेला ते खरं. दोन्ही लिहून घ्या."

साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली. इतक्या वर्षांत इतका सरळ माणूस माझ्या टेबलासमोर बसला नव्हता.

पुढे निकाल अठ्ठावन्न वय धरूनच लागला. पण त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं. मी काकांना स्टँडवर गाडीत बसवून द्यायला गेले होते. कंडक्टरने पांढरे केस पाहिले आणि सवयीने म्हणाला, "बाबा, आधार दाखवा, अर्धं देतो."

काकांनी डाव्या हाताने खिसा चाचपला, नोट काढली आणि पुढे धरली.

"पुरं दे. मला अजून सात वर्सं हायत."