वाघराला ऐकू जावं म्हणून

मी नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीला निघाले त्या पहाटे आप्पा माझी मोठी बॅग डोक्यावर घेऊन पुढं चालत होते आणि मोठ्यानं गात होते. वडगाव रासाईत आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. डांबरीपर्यंतची वाट दोन्ही बाजूंच्या उसातून जाते. डांबरीवर जीप येणार होती, ती न्हावऱ्यापर्यंत, तिथून पुण्याची एसटी, आणि त्याच्या पुढचं आमच्या घरात कुणीच पाहिलेलं नव्हतं. मी नवा कोट घातला होता. जीपमध्ये ओळखीची माणसं असतील, ती हसतील, म्हणून मी म्हटलं, आप्पा, जरा हळू. त्यांनी मानही वळवली नाही. "सोने, तोंड बंद ठिवून उसातनं जायाचं न्हाई," एवढं म्हणाले आणि पुन्हा सुरू झाले.

जीपमध्ये बॅग चढवून ते त्याच वाटेनं परत फिरले. ड्रायव्हरनं चहा संपवेपर्यंत मी खिडकीत बसून त्यांचा लांब जाणारा आवाज ऐकत होते. माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज उसातून चालला होता. तो चालतोय तोवर सगळं ठीक आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

गाणं तरी कसलं, त्यांनीच जुळवलेली एक ओळ. वाट दे रं, वाट दे, उसाला पान्याचा पाट दे. पहिली मागणी बिबट्याकडं, दुसरी भीमा नदीकडं. त्यापुढं मनाला येईल ते घालायचे. म्हशीचं नाव, आईचं नाव, ज्यानं मोटारीची केबल पळवली असा संशय होता त्याचंही नाव. आई म्हणायची, यांच्या आवाजानं वाघरूच काय, पाहुणंबी फिरकत न्हाईत.

तुम्ही जे तिकडंच राहिलात, त्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे निघून आलेले लवकर विसरतात, मीही विसरले, म्हणून लिहिते. आमच्याकडचा बिबट्या जंगलातला नाही. तो उसात जन्मतो, उसात वाढतो, त्यानं डोंगर पाहिलेला नसतो. त्याला आम्ही वाघरू म्हणतो. माणूस येतोय हे कळलं तर तो आपण होऊन बाजूला होतो, न कळता समोर आला तर मात्र काही खरं नाही. म्हणून उसात जाताना कुणी डबा वाजवतो, कुणी मोबाइलवर गाणी लावतो, कुणी गातो. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण उंबऱ्याबाहेर खाकरतो ना, तसंच ते. आईला त्याचा आणखी एक उपयोग होता. संध्याकाळी आवाज विहिरीच्या वळणावर आला की ती तवा ठेवायची. आवाज आला नाही की दारात येऊन उभी राहायची.

इथं आल्यावर मला सगळ्यात आधी शिकवली ती शांतता. पहिल्याच महिन्यात मी ट्राममध्ये बसून घरी व्हिडिओ कॉल लावला. आप्पा उसात होते, गळ्यात अडकवलेल्या मोबाइलवर भजन मोठ्यानं चालू होतं आणि त्यावर त्यांचा आवाज. समोरच्या म्हातारीनं माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. मला भूमी दुभंगली तर बरं असं झालं. हळूहळू मी शहाणी झाले. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पाय न वाजवता चालू लागले, रविवारी मिक्सर लावणं सोडलं, आपलं गाणं आपल्या कानात ठेवायला शिकले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्या बाबतीत किती खरं होणार होतं, ते तेव्हा कळलं नाही.

गाणं ऐकून माणसं गहिवरतात, माझं जरा उलटं आहे. वॉर्डात एक म्हातारे पेशंट होते, दिवसभर एकच चाल गुणगुणायचे. बाकीच्या नर्सेस कंटाळायच्या, मला ते बरं वाटायचं. एक दिवस चाल मध्येच थांबली आणि मी हातातला ट्रे तसाच टाकून पळाले. ते नुसते झोपले होते. सुपरवायझरनं विचारलं, काय झालं? मी ट्रे उचलायला वाकले. वडगावच्या उसाबद्दल तिला जर्मनमध्ये कसं सांगणार?

एवढं अंगात मुरलेलं असूनही मी ते केलं. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही. आप्पांचा फोन आला की मागं तो गोंगाट, घसा फुटेस्तोवर गाणं, बोललेलं कळायचं नाही. मी चिडायचे. शेवटी सुट्टीवर पुण्याला निघालेल्या एका मैत्रिणीकडं त्यांच्यासाठी वायरलेस इअरफोन दिले, चांगले, बाहेरचा आवाज बंद करणारे. फोनवरून कसे घालायचे तेही शिकवलं. आप्पा हरखून गेले. म्हणाले, "इतकी वर्सं ह्ये भजन म्हनलं, पर ऐकलं न्हवतं गं. आता समदं सबूद कळत्यात." मलाही इतकं बरं वाटलं की मी जेवताना दोनदा हसले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते उसाला पाणी द्यायला गेले. एका सरीचं पाणी दुसरीत वळवायला खोरं घेऊन वाकले. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, असं वनखात्याचे लोक सांगून गेले होते. आप्पा कानात भजन ऐकत होते, त्यामुळं गात नव्हते. बिबट्याला आप्पा ऐकू आले नाहीत आणि आप्पांना बिबट्या.

रशीदमामा घरोघरचं दूध गोळा करतात. त्यांची मोटारसायकल म्हणजे दोन कॅन, फाटका सायलेन्सर आणि हँडलला बांधलेला स्पीकर. ते त्याच वेळी बांधावरून आले, हॉर्न दाबून धरत, ओरडत, आणि त्या गोंगाटानं बिबट्यानं आप्पांची मान सोडली. मला दोन दिवसांनी कळवलं, आप्पा वाचणार हे डॉक्टरांनी सांगितल्यावर. आई रडली नाही. सरळ सांगितलं, "आवाज न्हाई आला, तर मला वाटलं कानात घातलं आसंल. म्हनून मी दारात आलेच न्हाई." तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर भांडता तरी आलं असतं.

मी गेले, पंधरा दिवस राहिले. जखम भरत होती, पण गळ्यातली आवाजाची नस गेली होती. आप्पांचा आवाज आता कुजबुजण्याइतकाच उरला आहे. मी म्हटलं, ऊस मोडा, दुसरं काही लावा. ते हसून कुजबुजले. सगळ्या शिवारात ऊस आहे, आमचा मोडून वाघरू कुठं जाणार? गावातली काही माणसं आता गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जातात, आप्पाही घालतात. पिंजरा लावला होता, त्यात एक मादी सापडली. तिची दोन पिल्लं सापडली नाहीत. ती आता मोठी झाली असतील.

मग मोबाइलवरच गाणी लावा, असं मी सुचवून पाहिलं. रशीदमामांनी मान हलवली. "रोजचं तेच गानं वाघरानं वळखलंय, सोनाली. परवा माळावर स्पीकर वाजत व्हता आन् ते शेजारी निजलं व्हतं." त्याला जिवंत माणसाचा आवाज लागतो, आज एक तर उद्या वेगळा.

म्हणून आता मी गाते. आप्पा पाणी द्यायला निघाले की मला फोन लावतात, स्पीकर चालू करतात आणि फोन शर्टाच्या खिशात ठेवतात. आई घराकडच्या बांधावर ताट वाजवत उभी राहते. तिकडं संध्याकाळचे सहा, इकडं दुपारचे अडीच. माझी ड्यूटी संपलेली असते. हॉस्पिटलच्या तळघरात सायकली ठेवायची जागा आहे, तिथं मी कोट घालून उभी राहते आणि घसा फुटेस्तोवर ओरडते, वाट दे रं, वाट दे. पुढं मनाला येईल ते घालते. म्हशीचं नाव, आईचं, माझ्या सुपरवायझरचं. सायकल काढायला आलेली माणसं माझ्याकडं बघतात. बघू देत.

घर म्हणजे काय, असं इथं जमलेल्या मराठी मंडळींमध्ये कुणी विचारलं की कुणी पुरणपोळी सांगतो, कुणी अंगण. मी ताटं उचलायला उठते. माझं घर म्हणजे अशी जागा, जिथं मी तोंड बंद ठेवलं तर कुणाचा तरी जीव जाईल.

फोनचं एक वाईट आहे. मी गात असते तोवर पलीकडचं काहीच ऐकू येत नाही. श्वास घ्यायला थांबते, तेवढ्यातच काय ते कानावर पडतं. सरीतलं पाणी, खोऱ्याचा आवाज, लांबून आईचं ताट. काल अशीच थांबले. पाणी वाहत होतं. खोरं वाजत नव्हतं. आणि उसाची पानं वाजत होती, वाऱ्यानं वाजतात तशी सगळीकडून नाही, एकाच जागी. मग खिशाच्या अगदी जवळून आप्पांचा तो उरलासुरला आवाज आला.

"थांबू नगं, सोने."