कोणातल्या तुम्ही?

ताईंनी माझ्या गळ्यातलं लॉकेट दोन बोटांनी उचललं आणि ब्लाउजच्या आत ढकललं. वरून पदर सारखा केला. आई करते तसा.

"हे आतच राहू दे. आणि कुणी विचारलं तर नुसतं गाव सांग. वस्ती नको."

लॉकेटवर बुद्ध होता. दिवाळी तोंडावर आलेली. मुलुंडचा हॉल, फराळाची विक्री लागलेली. ताई संस्थेच्या प्रमुख. संस्थेनं मुरबाडकडच्या आमच्या गावात पापडकेंद्र काढलं होतं, तेही आमच्या बौद्धवाड्यात. लाटणाऱ्या बाया सगळ्या आमच्या, त्यात माझी आई. हा माल खपला तर केंद्र राहणार, नाहीतर बंद. म्हणून आई आणि मी गोण्या घेऊन आलो होतो. डोक्यावर कापडी फलक: उपेक्षितांच्या उत्थानासाठी. आणि उपेक्षित खाली टेबलामागे, गळा झाकून.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही तर आमच्यात भाकरी खाल्लीत."

"मी नाही गं पाळत. गिऱ्हाईक पाळतं ना."

ती भाकरी त्यांनी प्रत्येक सभेत सांगितली होती. भाकरी सांगायला चालत होती, आम्ही चालत नव्हतो.

एक काकू आल्या. भाजलेला तुकडा तोंडात टाकला, दुसरा उचलला.

"झकास आहे हो. द्या चार पाकिटं. कोणातल्या तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत ताई हसून म्हणाल्या, "कुणबी आहेत सगळ्या. एकदम स्वच्छ."

स्वच्छ. पहाटे आंघोळ करून, ओल्या केसांवर फडकं बांधून आई लाटायला बसायची. ती स्वच्छता आता दुसऱ्याच्या जातीवर खपवली जात होती. आणि आई माझ्या शेजारी मान खाली घालून उभी, चोरी केल्यासारखी. माझं डोकं फिरलं.

मी लॉकेट बाहेर काढलं. "नाही काकू. आम्ही बौद्धवाड्यातल्या. हे पापड माझ्या आईनं लाटलेत."

काकूंनी हातातला तुकडा कागदावर ठेवला. रुमालानं एकेक बोट पुसलं. "आमच्याकडे सासूबाईंचं सोवळं असतं ना," म्हणाल्या आणि गेल्या. पहिला तुकडा पोटात होता, तो मात्र घेऊन गेल्या.

हॉलभर कुजबुज झाली. टेबलाकडे कुणी फिरकेना.

"सगळ्या बायकांच्या पोटावर पाय दिलास तू," ताई म्हणाल्या.

आईनं गोण्या बांधल्या. "तुला काय गरज व्हती गं?" एवढंच बोलली.

केंद्र बंद झालं. वस्तीतल्या बायांनी मला शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या, त्यांच्या चुली होत्या. पण पोटावरचा पाय माझा नव्हता, हे मी प्रत्येकीला सांगत राहिले. काहींना पटलं, काहींना अजून नाही.

पोळपाट-लाटणी आमचीच होती. पुढच्या दिवाळीला त्याच मुलुंडमध्ये, बाजारातल्या फुटपाथवर मी गोणपाट अंथरलं. आई आली, रागातच. पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: बौद्धवाड्यातल्या बायांचे पापड. पुष्कळ लोक वाचतात आणि पुढे जातात. खुशाल जावं. आमचा पापड ज्याला खायचाय, त्यानं तो आमच्या नावासकट खावा. नाहीतर त्याला हात लावू नये.