संक्रांतीचे कांडे

ऊस खाल्ल्याने दातांतली मिटलेली फट पुन्हा उघडत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरीही मी बाईंना तसेच भासवले, आणि पुढे कित्येक वर्षे ते कोणालाही कळू दिले नाही.

बाई कोल्हारच्या बालवाडीत शिकवत. हसू आले की त्यांचा पदर तोंडावर जाई. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील; पण त्यांच्या वर्गातली पोरेसुद्धा बाईंचे बघून तोंडावर हात धरूनच हसत.

"माझं सोडा, डॉक्टर," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "पोरांचं हसू झाकलं जातंय, त्याची काळजी वाटती."

नव्वदच्या दशकाची ती अखेर. नगरमध्ये माझा दवाखाना नवा होता. बाईंच्या पुढच्या दोन दातांत मोठी फट होती आणि शेजारचा एक दात अगदीच खुजा. मी सुचवले, आधी तारांनी दात जवळ आणू, मग खुज्या दातावर दाताच्याच रंगाचा थर चढवू.

"चांगल्या दाताला कानस लावायची न्हाई हं," खुर्चीत बसताना त्या दर वेळी बजावत.

"नाही लावणार, बाई."

"मग सावकाश करा. मला काई घाई न्हाई."

कानशीचा शब्द मी पाळला. घाई मात्र मला होती. फट मिटली तरी दात नव्या जागी स्थिरावेपर्यंत काही महिने तारा ठेवाव्या लागतात. पण शहरातल्या दंतवैद्यांच्या बैठकीत मला आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवायचे होते. मी तारा लवकर काढल्या, थर चढवला. बैठकीत वाहवा झाली.

उन्हाळ्यात बाई आल्या त्या पदर तोंडाला लावूनच. फट उघडली होती.

"ऊस खाल्लात का?" मी विचारले.

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. "संक्रांतीला... एक कांडं. पोरांनी आणलं हुतं. व्हय, माझंच चुकलं."

मी पुन्हा तारा लावू म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. तुमी येवढं छान केल्तं, मीच नासवलं."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. दवाखान्याचे दार वाजले की मात्र मी आधी बाई तर नाहीत ना, हे पाही.

गेल्या पौषात मी कोल्हारला गेलो. बाईंचे केस पिकले होते. चहामागोमाग त्यांनी सोललेल्या उसाची ताटली पुढे केली.

"घ्या डॉक्टर. मी न्हाई खात. तवापासून सोडलाय." त्या हसल्या, पदर वर गेला.

मी ताटली खाली ठेवली.

"बाई, उसानं काही झालं नव्हतं. तारा मी लवकर काढल्या, आणि दोष तुमच्यावर ढकलला. मला क्षमा करा."