काळ्या काचेखाली

हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही बायका नटबोल्ट निवडून खोक्यांत भरायचो. मालकाचा मुलगा कुठूनसा एफिशिएन्सीचं शिकून आला आणि त्याने माळ्यावर काळ्या काचेची केबिन बांधून घेतली. त्याला आम्ही दिसायचो, आम्हाला तो दिसायचा नाही. संडासला जायचं तर केबिनसमोरच्या खांबावरचा पत्र्याचा बिल्ला गळ्यात घालून जायचं. बिल्ला एकच. उशीर झाला की वरून भोंग्यावर नाव पुकारायचे. पहिल्याच आठवड्यात दोघींना घरी बसवलं. पुढे भोंगा गप्प झाला, तेव्हा आम्हाला वाटलं, आपणच सुधारलो!

माझ्याशेजारी रिसालीची, आमच्याच गल्लीतली एक पोरगी बसायची. पोटुशी होती. नवऱ्याचं ठेकेदाराकडचं काम सुटलेलं, घर तिच्यावर. मे महिन्यात पत्र्याखाली अंगाची लाही व्हायची, पण ती पाण्याला शिवायची नाही.

"कावून पीत नाही वं?" मी विचारलं.

"पेलं का उठा लागते, काकू. बिल्ला घ्या लागते. या पोटापायी तं आधीच नजर आहे माह्यावर."

"अवं, लेकराचा तरी विचार कर."

"त्याचाच तं करून राहिली."

मला तिचा राग यायचा आणि तिच्याहून त्या काचेचा. तसं तोंड माझं फाटकं, पण काचेकडे पाहिलं की तेही बंद व्हायचं.

एका दुपारी ती खोक्यावरच कलंडली. ओठ कोरडे ठाक. आम्ही तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि माझं डोकं फिरलं. काय व्हायचं ते होऊ दे म्हणत मी तडक जिना चढले. मागून सुपरवायझर ओरडत होता, "बहनजी, साहब नाराज होंगे!" मी दार ढकललं.

आत कोणी नव्हतं. खुर्चीवर धुळीचा थर, टेबलावर पालीची घाण. सुपरवायझर धापा टाकत वर आला आणि हळूच म्हणाला, "साहब तो होली से रायपुर वाली फैक्ट्री में बैठते हैं. काम तो चल ही रहा है न."

संतापाने मला रडूच फुटलं. खाली येऊन मी तिच्या हातात पाण्याचा गिलास दिला. "वर कुत्रंही नाही. पी आता."

तिने गिलास तोंडाशी नेला, वर काचेकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

"आज नसन, काकू. उद्या येऊन बसला तं?"

मी काचेकडे पाठ करून, पदर पसरून तिच्यापुढे उभी राहिले. बाकीच्या बायकाही एकेक करून उठल्या आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे ती प्याली.